थापी हातात आल्यावर

शेड बंद होणार असं कळलं तेव्हा, खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं. धुळ्याबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे ती पत्र्याची शेड होती आणि तिथे मी गवंडीकाम शिकवायचो. आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर मला घरात बसवत नव्हतं आणि घरात बसलेला मी बायकोला बघवत नव्हता, म्हणून धरलेलं ते काम. सरकारच्या एका योजनेतून पैसे यायचे, एक संस्था कारभार बघायची आणि मी सकाळी भिंत बांधायला शिकवून संध्याकाळी तीच पाडायला लावायचो. विटा राखेच्या. त्या पुन्हा वापरायच्या म्हणून सिमेंटऐवजी मातीचा गारा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्याचं लोखंड हाताला चटका द्यायचं. गुडघे तर कधीचेच कुरकुरायला लागले होते.

शिकायला येणारे बहुतेक तरुण. त्यातले निम्मे विद्यावेतनासाठी यायचे, उरलेले घरच्यांनी हाकललं म्हणून. भिंतीपेक्षा मोबाईलकडे जास्त बघायचे. मी ओरडायचो, ते हसायचे, दुपारी सगळे मिळून डबे खायचो. चार पोरं तरी कामाला लागतात, असं मी स्वतःला सांगायचो. ते खरंही होतं.

ती मात्र शिकायला आली होती. शिरपूरकडच्या एका खेड्यातली, लग्नानंतर धुळ्यात खोली घेऊन राहिलेली. नवरा रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत, त्यामुळे घरी असला तर असला. घरात सासू आणि ही. लग्न झाल्यापासून ती बिगारी काम करत होती, म्हणजे मिस्तरीला माल द्यायचा, विटा द्यायच्या, डोक्यावर घमेलं घेऊन वरखाली करायचं. मग मान धरायला लागली. मानेतून कळ निघून उजव्या हाताला मुंग्या यायच्या, हातातला पेला कधी गळून पडायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर ओझं घेणं बंद. सांगणाऱ्याचं काय जातं?

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, बाई, गवंडीकामच का? शिवण शिका, तिथे बायका असतात.

ती म्हणाली, "सर, डोकावर वझं घेनं नही, आसं डाक्टर सांगस. मंग मी काय करू? मिस्तरी काही डोकावर घेत नही. माले मिस्तरी व्हनं शे."

एवढा सरळ हिशोब मला आधी कुणी सांगितला नव्हता. मी नाव लिहून घेतलं.

ती काही फार हुशार होती असं नाही. तिच्या पहिल्या भिंतीला मधोमध चांगलं पोट आलं होतं. पोरं खिदळली. तीही हसली, म्हणाली, आमना गावना सरपंच शे ह्यो. मग पदर खोचून तिने ती पाडली आणि पुन्हा दोरी बांधली. ओळंबा धरताना ती श्वास रोखून धरायची, जणू श्वासाने तो हलेल. सांधे भरताना जीभ बाहेर यायची. हळूहळू भिंतीचं पोट कमी झालं, मग गेलं. माझ्या हाताखालून इतके जण गेले, पण भिंत ओळंब्यात आली म्हणून कुणी माझ्या पाया पडलं नव्हतं. मी रागावलो तिच्यावर. असले प्रकार मला आवडत नाहीत. घरी जाताना मात्र बरं वाटलं.

अशात जळगावला सभा झाली. एका हॉटेलच्या हॉलमध्ये खानदेशातले बांधकाम ठेकेदार, आमच्यासारख्या केंद्रांची माणसं आणि नवी योजना समजावून सांगायला आलेले एक साहेब. साहेब तरुण होते, बोलणं नीट होतं. मुद्दा असा की यापुढे प्रशिक्षण केंद्रांना पैसे नाहीत. पैसे मालकाला, म्हणजे ठेकेदाराला. त्याने माणूस आधी स्वतःच्या पगारावर घ्यायचा, साइटवरच शिकवायचा, रोज हजेरीसाठी अॅपवर त्याचा चेहरा दाखवायचा, शेवटी परीक्षा. पास झालेला माणूस ठरलेल्या मुदतीपर्यंत कामावर टिकला की मग खर्च परत मिळणार. कागदावर यात वावगं काही नव्हतं. शेडमध्ये मातीच्या भिंती बांधण्यापेक्षा खऱ्या कामावर शिकलेलं बरं, हे मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. आता तेच सरकार म्हणत होतं. म्हणजे आमची शेड बंद आणि माझ्या गुडघ्यांना सुटी.

ठेकेदार थोडे गरम झाले. एक जण उठून म्हणाले, "साहेब, बांधकामावर सेस आम्ही भरायचा, माणसांच्या शिक्षणाचा खर्चही आधी आम्हीच करायचा, आणि परत घ्यायला आम्हीच हात पसरायचे?" टाळ्या पडल्या. साहेबांनी लिहून घेतलं. मग जेवण लागलं. भरीत आणि कळण्याची भाकरी होती, त्यामुळे पुढे कुणी फार भांडलं नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकवून बसलो होतो. पारोळा येईपर्यंत पोरांचा विचार केला. त्यांचं काही अडणार नव्हतं, ती दुसरीकडे कुठेतरी चिकटतील. मग तिचा विचार आला. तिचं निम्मं शिक्षण झालेलं. घमेलं उचलता येत नाही आणि थापीवर अजून कुणी विश्वास ठेवणार नाही. तिला आता शिक्षक नको होता, योजना नको होती, तिला एक मालक हवा होता जो तिला गवंडी म्हणून कामावर घेईल. आणि असा मालक शोधायचं काम माझ्याशिवाय कोण करणार, हे कळून मला आधीच थकवा आला.

मी फिरलो. धुळ्यात फिरलो, जळगावला दोनदा गेलो. ठेकेदार चहा पाजायचे, आयटीआयच्या आठवणी काढायचे. बाईचं नाव काढलं की एकच उत्तर: सर, तयार माणूस द्या. मी म्हणायचो, तयार माणूस असता तर शिकवायचं कशाला? ते हसायचे. त्यांनी त्यांचा मार्ग आधीच काढला होता. पगारावरचे जुनेजाणते मिस्तरी त्यांनी शिकाऊ म्हणून दाखवले. शिकवायची कटकट नाही, नापास व्हायची भीती नाही, मुदत संपण्याआधी पळून जायची चिंता नाही. आणि या शिकवणीला शिकवणारा दाखवायला हवा म्हणून मला बोलावणं आलं.

तर आयुष्यभर विटा रचलेल्या माणसांना मी थापी कशी धरावी ते शिकवायला लागलो. एका साइटवर एक चाचा होते, पांढरी दाढी, निम्म्या शहराच्या भिंती त्यांच्या हातच्या. त्यांना पिवळं हेल्मेट घालून पहिल्या बाकावर बसवलं होतं. मी फळ्यावर विटांचे थर काढत होतो. चाचा हेल्मेटसकट झोपले. फोटो काढायच्या वेळी मी त्यांना हलवलं, तर म्हणाले, "मास्तर, पास हुआ क्या मैं?" मी म्हटलं, हो चाचा, पहिल्या वर्गात. सगळे हसले, मीही हसलो. रात्री जेवताना बायकोने विचारलं, आज काय शिकवलंस? मी भाजी वाढून घेतली. लाज वाटली.

शेवटी एक जण तयार झाला. माझाच जुना विद्यार्थी, आता ठेकेदार, साक्री रोडकडे एका दवाखान्याची इमारत बांधत होता. सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही म्हणतो.

"सर, बाई मिस्तरी? लोक हसतील."

"हसू दे, भाऊ. तुझी भिंत सरळ येईल."

"बाई घेतली तर योजनेत काही जास्त मिळतं का?"

असं काहीतरी सभेत कानावर आलं होतं, ते मी सांगितलं. त्याने मान डोलावली. तो वाईट माणूस नाही. त्याने मला पायऱ्या उतरताना हात दिला.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम साइटवर गेलो. पहिल्या मजल्यावर बांबूच्या परांचीवर सगळे मिस्तरी ओळीने लागलेले, टोकाला ती. भाऊनेही आपले जुने मिस्तरी शिकाऊ म्हणून दाखवले होते, त्यामुळे अॅपवर सगळ्यांचे चेहरे झाले. काम सुरू झालं. माल संपला की मिस्तरी रिकाम्या घमेल्याच्या कडेवर थापी वाजवतो, दोनदा, आणि त्याची बिगारी माल घेऊन येते. तोंडाने बोलावत नाही कुणी. तिने वाजवली. कुणी आलं नाही. तिने पुन्हा वाजवली, जरा जोरात. खाली बायका माल कालवत होत्या, त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा मालाकडे बघितलं.

मी खाली जाऊन एकीला म्हटलं, अगं, तिला दे ना एक घमेलं. ती म्हणाली, "सर, मना मिस्तरी वाट देखी ऱ्हायना."

बरोबर होतं तिचं. इथे प्रत्येक मिस्तरीची बिगारी ठरलेली असते. कधी त्याची बायको, कधी बहीण, कधी गावातली. मिस्तरी साइट सोडतो तेव्हा बिगारीही त्याच्यामागे जाते. मिस्तरी कामावर येतो तो माणूस घेऊन येतो. ही एकटी आली होती. शेडमध्ये सगळे आळीपाळीने एकमेकांना माल द्यायचे, तेव्हा हा प्रश्न कधी उठलाच नव्हता. एका मोकळ्या गड्याला विचारलं, तर तो तंबाखू मळत म्हणाला, "बाईना हातखाले? घर काय सांगू मी?" भाऊला विचारलं. भाऊने हात जोडले. "सर, तुमच्या शब्दाखातर घेतलं. आता हिच्यासाठी बिगारी लावू? तिचा पगार योजनेत कुठाय? आणि दुसऱ्याची हलवली तर तो मिस्तरी उद्या येणार नाही."

मी वर गेलो तर ती जागेवर नव्हती. ती खाली उतरली होती. तिने घमेलं भरलं, चुंबळ डोक्यावर ठेवली, घमेलं उचलून घेतलं आणि शिडी चढून वर आली. माल ओतला, थर लावला, पुन्हा उतरली. मी ओरडलो, अगं, डोक्यावर घेऊ नकोस! शेजारचे मिस्तरी हसले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने जे टाळायला थापी धरली होती, तेच आता ती थापी धरून करत होती, आणि ते मी तिला मिळवून दिलं होतं. मला तिथे उभं राहवेना. मी पाणी पिण्याचं निमित्त करून निघालो आणि परत आलो नाही.

त्या आठवड्यात तिची भिंत सगळ्यांपेक्षा खाली राहिली. शनिवारी मी गेलो तेव्हा तिची थापी हातातून गळून खाली मालाच्या ढिगात पडली होती आणि ती डावा हात उजव्या हातावर चोळत बसली होती. मी म्हटलं, सोड हे. झालं तेवढं झालं. मी सांगतो भाऊला. ती हात चोळतच राहिली. मला आत कुठेतरी वाटत होतं की तिने हो म्हणावं, म्हणजे माझंही संपेल. इतका मी कंटाळलो होतो.

सोमवारी ती आली ती सासूला घेऊन.

म्हातारी काटक, काळी, तोंडात दात थोडे. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्यावर चुंबळ घरूनच ठेवून आलेली. गेटवर भाऊने विचारलं, या कोण? म्हातारी म्हणाली, "मन्ही वहू मिस्तरी शे. तिले माल मी देसू."

भाऊ म्हणाला, "आजी, तुमचं नाव योजनेत नाही. अॅपवर चेहरा लागतो."

"मन्हं नाव नको लिखू. मन्हं थोबाड बी नको त्या मोबाईलमा. बिगारीना रोज दे आन् घमेलं दे."

भाऊने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. मला हसू येत होतं. भाऊ म्हणाला, बरं, पडल्या-झडल्या तर सर बघतील. मी म्हटलं, बघतो.

त्यानंतर ती थापी वाजवायची आणि सासू यायची. सासू येताना बडबडत यायची. माल पातळ झाला की दोष सुनेचा, शिडी हलली की दोष सुनेचा. एकदा सुनेने वरून सांगितलं, आई, माल जरा घट्ट आना. म्हातारी कमरेवर हात ठेवून बायकांना म्हणाली, "देखा व, घरमा तोंड वर करत नही, आठे माले हुकूम देस!" सगळ्या हसल्या. पण पुढचं घमेलं घट्ट आलं. रोजच्या फोटोत म्हातारीचा कोपर किंवा चुंबळ यायचीच, कधी अख्खी म्हातारी यायची, आणि अॅप दोन चेहरे बघून हजेरी नाकारायचं. मग तिला ओरडून बाजूला करायचं आणि पुन्हा फोटो. यात सकाळ जायची. दुपारी म्हातारी भिंतीला टेकून बसायची तेव्हा तिचे गुडघे माझ्याहून वाईट दिसायचे. मी तिला माझ्या गोळ्या दिल्या. तिने त्या कनवटीला लावल्या, खाल्ल्या की नाही कुणास ठाऊक.

सगळ्या साइटची मिळून परीक्षा झाली. परीक्षक बाहेरून आले होते, चटकन आले, चटकन गेले. चाचा पास झाले, बाकीचे मिस्तरी पास झाले, तीही झाली. तिची भिंत ओळंब्यात होती, हे मी स्वतः धरून बघितलं. मला एवढंच बघायचं होतं.

मग खर्च परत मिळायची वेळ आली आणि नियम पुन्हा बदलले. आता म्हणे आधीपासून कामात असलेल्यांचे पैसे मिळणार नाहीत, फक्त नव्याने शिकलेल्यांचे. पण कोण नवा आणि कोण जुना हे तपासायचं होतं, तपासून होईपर्यंत सगळ्यांचेच पैसे थांबले. तिचेही. भाऊ मला चहाला घेऊन गेला. "सर, मी दमलो. मला बांधकाम करू द्या." मी म्हटलं, मीही दमलोय, भाऊ. त्याने चहाचे पैसे दिले. त्याने योजना सोडली. जुने मिस्तरी मिस्तरी म्हणूनच राहिले, त्यांचं काही बिघडलं नाही. तिला त्याने सांगितलं, बिगारी म्हणून राहा हवं तर. सासू आहेच, दोघींना काम देतो. त्याच्या मते हे त्याने चांगलंच केलं होतं.

तिने नको म्हटलं. थापी धुतली, पुसली, पिशवीत टाकली आणि दोघी गेल्या.

मला घरी चैन पडेना. तिला मी फोन केला, तर म्हणाली, उद्यापासून अड्ड्यावर उभी राहणार. धुळ्यात सकाळी मजुरांचा अड्डा भरतो, तिथे काम देणारे येऊन माणसं घेऊन जातात. तिथे रस्त्याच्या एका अंगाला बिगारी उभे राहतात आणि दुसऱ्या अंगाला पिशव्या घेऊन मिस्तरी. हे कुणी ठरवलेलं नाही, पण सगळे पाळतात. दुसऱ्या दिवशी मीही गेलो. न्यायला येणाऱ्यांत माझ्या ओळखीचे निघतील, दोन शब्द टाकू, असा विचार.

ती मिस्तऱ्यांच्या बाजूला उभी होती. पुरुषांनी तिच्याभोवती थोडी जागा सोडली होती. शेजारी सासू, पायाशी घमेलं. मी जाऊन उभा राहिलो. लवकरच एक गृहस्थ आले, बाथरूमची भिंत बांधायची होती. ते सरळ माझ्याकडे आले.

"मिस्तरी आहे का?"

मी म्हटलं, "ही आहे ना. सर्टिफिकेट आहे तिच्याकडे. माझ्याच हाताखाली शिकलीय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "या दोघी बिगारी झाल्या. मिस्तरी कोण? तुम्ही येणार का?" मी समजावत राहिलो. ते ऐकत ऐकत पुढच्या माणसाकडे सरकले आणि त्याला घेऊन गेले. मग आणखी एक आले, तेही माझ्याशीच बोलले, भावही मलाच विचारला, आणि तेही गेले. मी तिसऱ्यासाठी तयार होत होतो.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. आवाज अगदी हलका, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"सर, तुम्ही जा आते. तुम्ही उभा शेतस तं लोके तुमलेच इचारतस. माले कोन्ही इचारत नही."

मला लागलं ते. म्हातारी दुसरीकडे बघत होती, तिला आधीच माहीत असावं की हे आज सांगायचं आहे. मी काहीतरी म्हणालो, बरं बरं, मला दवाखान्यात जायचंच होतं, असं काही. आणि निघालो. इतके महिने मी जे दार लोटत होतो, त्यात मीच उभा होतो, हे मला त्या वेळी कळत होतं आणि कळूनही राग येत होता. तिचा नाही. नुसताच राग.

पलीकडे चहाची टपरी होती, तिथे बसलो. जायला पाहिजे होतं, पण पाय निघेना. बरीच माणसं आली, गेली, तिच्याजवळ कुणी थांबलं नाही. सूर्य वर आला, गर्दी विरळ झाली. मग एका स्कूटरवरून एक बाई आल्या, शिक्षिका असाव्यात. त्या थांबल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि विचारायला दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून तिलाच काहीतरी विचारलं. ती बोलली. हाताने भिंतीची उंची दाखवली, मग रुंदी. बाईंनी काही भाव सांगितला असावा, कारण तिने मान हलवली, नाही म्हणून. सासूने मध्ये तोंड घातलं, तिने सासूला गप्प केलं. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या असतील, चला.

सासूने घमेलं उचललं. रिक्षा आली. चढताना ती एकदा टपरीकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने पिशवीत हात घालून थापी आहे का ते बघितलं आणि ती आत बसली.